बंदुकीच्या पोटातला दाब: एका आकड्याची पावणेतीनशे वर्षं

पेट्रोल पंपावर हवा भरताना आपण "बत्तीस" म्हणतो. ते ३२ म्हणजे दर चौरस इंचावर ३२ पौंड दाब, ज्याला सगळे पीएसआय म्हणतात. घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ पीएसआयने जास्त असतो. आता रायफलीचा चाप ओढला की गोळीच्या मागे, त्या बोटाएवढ्या पितळी पुंगळीत, किती दाब तयार होत असेल? पन्नास ते साठ हजार पीएसआय! आणि हा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास येतो आणि ओसरूही लागतो.

प्रश्न असा की हे कळलं कसं? तिथे काटा लावायचा कुठे? आणि एवढ्या वेळात काटा हलणार तरी कसा?

या प्रश्नाचा इतिहास फक्त बंदूकवाल्यांच्या कामाचा नाही. त्यात मंत्री मेलेत, सैनिक मेलेत, संसदीय चौकशा झाल्यात. आणि सगळ्यात गंमत म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं पुस्तकांत जो आकडा "पीएसआय" म्हणून छापला जात होता, तो खरं तर पीएसआय नव्हताच. तांब्याचा एक तुकडा किती चेपला, याचा तो हिशेब होता. ही गोष्ट नीट समजून घेतली तर कुठलाही सरकारी किंवा कंपनीचा आकडा वाचायची आपली सवयच बदलेल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक हजार की एक लाख?

सुरुवात १७४२ सालापासून करू. इंग्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या गणितज्ञाने तोफशास्त्राच्या नव्या तत्त्वांवर पुस्तक लिहिलं. तोपर्यंत तोफ म्हणजे ओतणाऱ्याचा हात, दारू भरणाऱ्याचा अंदाज आणि देवाची कृपा. रॉबिन्सने दारू (पिण्याची नव्हे, उडवायची) बंद जागेत जाळली, तिच्यातून किती वायू निघतो ते मोजलं, उष्णतेने तो किती फुगेल याचा हिशेब केला आणि सांगितलं की दारूचा जोर हवेच्या दाबाच्या सुमारे १,००० पट असतो. मग त्याने एक जड लोलक टांगला, त्यावर बंदुकीची गोळी मारली, लोलक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग काढला आणि आपला हिशेब ताडून पाहिला. गोळीचा वेग भरवशाने मोजायची ही पहिली रीत. पुढे ऑयलरसारख्या मोठ्या गणितज्ञाने या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं.

या माणसाचा शेवट आपल्या देशात झाला हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या कामासाठी मुख्य अभियंता नेमलं. १७५० मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १७५१ च्या जुलैमध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने गेला. म्हणजे ज्या काळात पेशव्यांच्या फौजा दक्षिणेत आणि उत्तरेत तोफा ओढत फिरत होत्या, त्याच काळात तोफेच्या पोटात काय चालतं हे गणिताने सांगणारा पहिला माणूस याच मातीत गाडला गेला.

रॉबिन्सनंतर पन्नास वर्षांनी रमफोर्ड आला. जन्माने अमेरिकन, नोकरी बव्हेरियाच्या राजदरबारात. त्याची युक्ती अगदी सरळ. लहानशी जाड लोखंडी नळी उभी ठेवायची, आत थोडी दारू, तोंडावर वजन. दारू पेटवायची. वजन उचललं गेलं नाही तर कमी करायचं, उडालं तर वाढवायचं. जेमतेम उचललं जाईल असं वजन सापडलं की दाब कळला. वजन म्हणून त्याने एका प्रयोगात अख्खी तोफच नळीवर ठेवली होती! १७९७ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. त्याचा सगळ्यात मोठा अंदाज हवेच्या दाबाच्या एक लाख पटींपर्यंत गेला.

रॉबिन्स म्हणतो एक हजार, रमफोर्ड म्हणतो एक लाख. दोघेही हुशार, दोघांनीही मेहनत घेतलेली. फरक शंभर पटींचा. पुढे १८७५ मध्ये अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या जोडीने नीट मोजून सांगितलं की बंद जागा दारूने गच्च भरली असेल तर दाब सुमारे ६,४०० पट होतो. म्हणजे एकाने फार कमी सांगितलं होतं आणि दुसऱ्याने फार जास्त.

मधल्या काळात तोफा बनतच होत्या. कशाच्या आधारावर? तर "आधीची फुटली, आता जरा जाड करू" या आधारावर.

"शांतिदूत" फुटला

२८ फेब्रुवारी १८४४. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत अमेरिकेची नवी कोरी युद्धनौका प्रिन्स्टन पाहुण्यांना घेऊन निघालेली. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर, मंत्री, खासदार, त्यांच्या घरच्या बायका, खाणंपिणं, गाणी. बोटीवर १२ इंच तोंडाची प्रचंड घडीव लोखंडी तोफ. नाव काय, तर "पीसमेकर". शांतिदूत!

त्या दिवशी ती आधी उडवली, तेव्हा सगळं सुखरूप झालं. टाळ्या पडल्या. पुन्हा एकदा उडवा असा आग्रह झाला. या वेळी तोफेची मागची बाजूच फाटली. परराष्ट्रमंत्री एबल अपशर, नौदलमंत्री थॉमस गिल्मर यांच्यासह सहा जण जागीच गेले. त्यांत राष्ट्राध्यक्षांचा एक गुलाम नोकरही होता. टायलर स्वतः त्या वेळी खालच्या मजल्यावर होते म्हणून वाचले.

चौकशीत लोखंड घडवण्यातले दोष निघाले. पण मूळ गोष्ट तशीच राहिली. त्या तोफेच्या पोटात नेमका किती दाब येतो हे कुणालाच माहीत नव्हतं. चाचणी म्हणजे काय, तर दारू भरून काही वेळा उडवून बघणं. फुटली नाही म्हणजे चांगली.

ही पद्धत फार जुनी. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने आलं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बंदूक उडवायची, टिकली की शिक्का मारायचा. त्याला "प्रूफ" म्हणतात. ग्राहकासाठी ही मोठीच सोय होती, लबाड कारागिरांना चाप बसला. पण प्रूफ फक्त "पास" किंवा "नापास" सांगतं. किती गुणांनी पास, ते सांगत नाही. आज काठावर पास झालेली नळी दहाव्या वेळी फुटेल का, याचं उत्तर शिक्क्यात नसतं.

दट्ट्या, सुरी आणि तांबं

या अपघातानंतर तोफा का फुटतात याच्या मागे लागलेल्यांत थॉमस रॉडमन हा अमेरिकी लष्करातला अधिकारी होता. आधी त्याने तोफ ओतायची पद्धत बदलली, ती आतून थंड करायला घेतली. मग १८५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने दाबालाच हात घातला.

तोफेच्या भिंतीला आरपार भोक पाडलं. त्यात घट्ट बसणारा एक दट्ट्या. दट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला पोलादी सुरीसारखं टोक आणि त्याच्यासमोर तांब्याचा तुकडा. दारू पेटली की वायू दट्ट्याला ढकलणार, सुरी तांब्यात रुतणार. नंतर तो तुकडा काढायचा आणि खाच किती लांब पडली ते मोजायचं. दुसरा तसाच तुकडा प्रयोगशाळेतल्या दाबयंत्राखाली ठेवायचा आणि तेवढीच खाच पडायला किती वजन लागतं ते बघायचं. झालं, दाब कळला.

काटा नको, डोळा नको, घड्याळ नको. स्फोट आपली सही तांब्यावर करून जातो आणि आपण ती निवांत वाचायची. कल्पना म्हणून ही केवळ अप्रतिम होती.

याचा परिणामही लगेच दिसला. तोफ फुटू नये म्हणून भिंत जाड करत बसण्यापेक्षा दारूच बदलता येते हे रॉडमनच्या लक्षात आलं. दारूचे दाणे मोठे केले की ती सावकाश जळते, दाबाचं शिखर खाली येतं आणि गोळ्याचा वेग मात्र फारसा कमी होत नाही. दाण्याला भोकं पाडली तर जळताना त्याचा पृष्ठभाग कमी होण्याऐवजी टिकून राहतो. आज कुठल्याही देशाच्या तोफांत जाणारे भोकांचे दाणे हे त्याच विचाराचे वारस. मोजता आलं म्हणून कारण सापडलं, आणि कारण सापडलं म्हणून उपाय सापडला.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या एल्सविक कारखान्यात अँड्र्यू नोबलने हीच कल्पना आणखी सोपी केली. सुरी काढून टाकली. तांब्याची छोटी लगडी दट्ट्या आणि पक्क्या आधाराच्या मध्ये ठेवली. स्फोटाने ती चेपते, तिची उंची कमी होते. आधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजा, तक्ता उघडा, दाब वाचा. याला "क्रशर गेज" म्हणतात. तोफांसाठी आलेली ही रीत पुढे रायफलीच्या काडतुसापर्यंत उतरली आणि जवळजवळ शंभर वर्षं जगावर राज्य करून गेली.

२ जानेवारी १८७९ ला मार्मारा समुद्रात ब्रिटिश युद्धनौका थंडररवर ३८ टनी तोफ फुटली आणि ११ माणसं गेली. चौकशी समितीने म्हटलं की चुकून एकावर एक दोनदा माल भरला गेला असावा. लोकांचा विश्वास बसेना. मग त्या बोटीवरची तशीच दुसरी तोफ वूलिचला आणली, मुद्दाम दोनदा भरली आणि उडवली. तीही तशीच फुटली. वादाचा निकाल भाषणाने न लावता प्रयोगाने लावायचा, ही वृत्ती तोवर रुजली होती.

थ्री नॉट थ्रीचा जमाना

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने बिनधुराची दारू शोधली आणि सगळा खेळ बदलला. या दारूत ताकद जास्त, धूर नाही, नळीत काजळी कमी. पण दाबही पुष्कळ वाढला. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर ज्या थ्री नॉट थ्री रायफली पिढ्यान् पिढ्या पाहिल्या, तिचं काडतूस १८८८ मध्ये आलं तेव्हा त्यात दाबून भरलेली काळी दारू होती. दोन-तीन वर्षांत कॉर्डाइट आलं.

आता दाब मोजणं ही चैन राहिली नाही. काळ्या दारूत चमचाभर इकडेतिकडे झालं तर खांद्याला धक्का जास्त बसायचा. या नव्या दारूत तीच चूक म्हणजे डोळ्यासमोर, गालाच्या जवळ पोलाद फुटणं. त्यामुळे प्रत्येक कारखान्यात भोक पाडलेली चाचणीची नळी आणि तांब्याच्या लगड्यांचे डबे आले. १९१४ मध्ये बेल्जियमच्या लिएजमधल्या प्रूफ हाऊसच्या पुढाकाराने युरोपातल्या देशांचं आंतरराष्ट्रीय मंडळ उभं राहिलं, त्याला सीआयपी म्हणतात. १९२६ मध्ये अमेरिकेत कारखानदारांची संस्था झाली, तिचं नाव सामी. दोघांचं काम एकच. कुठल्या काडतुसाचा दाब कुठवर चालेल ते ठरवणं, म्हणजे एका कारखान्याची बंदूक आणि दुसऱ्याचं काडतूस एकमेकांच्या जिवावर उठणार नाही.

तांब्याचा आकडा पुस्तकांत छापताना सरळ "पौंड प्रति चौरस इंच" असं लिहिलं जायचं. कुणाला वावगं वाटलं नाही.

पण तांबं खोटं बोलत होतं का?

खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. तक्ता तयार करताना तांब्यावर वजन हळूहळू, काही सेकंदांत ठेवलेलं असतं. रायफलीत तोच दाब अर्ध्या मिलिसेकंदात येतो आणि निघून जातो. धातूला चेपायला वेळ लागतो. झटक्यात मारलं तर तो जास्त अडून बसतो. त्यामुळे दाबाचं शिखर गाठलं जातं तेव्हा तांबं अजून चेपतच असतं, आणि पुरतं चेपण्याआधी दाब उतरतो. खरा आकडा ६०,००० असेल तर तांबं ५०,००० म्हणून मोकळं होतं.

हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून जाणवत होतं. दुसरी वाट १८८० पासून तयार होती. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी दाखवलं होतं की क्वार्ट्झ, टूर्मलीन असे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विजेचा भार तयार होतो. जितका दाब, तितकी वीज, आणि तीही तत्काळ. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जे. जे. थॉमसनने ही युक्ती स्फोटाचा दाब मोजायला सुचवली. १९२१ मध्ये डी. ए. कीजने त्यावरचा शोधनिबंध छापला. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी वेगवेगळं काम करून ताण मोजणारी बारीक तारेची पट्टी काढली, जी पोलादावर चिकटवली की पोलाद किती ताणलं ते सांगते.

तरी स्फटिकाची यंत्रं महाग आणि नाजूक. कारखान्यांत ती सर्रास यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. ती आली आणि मग गोंधळ उडाला. त्याच काडतुसाचा, त्याच दारूचा आकडा एकदम वेगळा!

मग नवं नाव काढावं लागलं. तांब्याने मोजलेल्या आकड्याला "कॉपर युनिट्स ऑफ प्रेशर", म्हणजे सीयूपी म्हणायचं. पीएसआय हे नाव फक्त स्फटिकाच्या आकड्याला. छऱ्याच्या काडतुसात दाब कमी म्हणून तांब्याऐवजी शिसं वापरत, तिथे "लेड युनिट्स".

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, मग दोन्हींतला फरक काढून सरसकट गुणाकार करा की. जमत नाही. सामीचे आकडे पाहा. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची मर्यादा तांब्याने ५२,००० आणि स्फटिकाने ६२,०००. .२२३ रेमिंग्टनची मर्यादा तांब्याने तीच ५२,०००, पण स्फटिकाने ५५,०००. थ्री नॉट थ्रीची तांब्याने ४५,००० आणि स्फटिकाने ४९,०००. जुन्या .४५-७० ची दोन्हीकडे २८,०००. म्हणजे दोन काडतुसांना तांबं एकच गुण देतं आणि स्फटिक त्यांच्यात ७,००० चा फरक दाखवतो. दारू कशी जळते, पुंगळी केवढी, शिखर किती टोकदार, यावर सगळं अवलंबून. सगळ्यांना लागू पडेल असं एक सूत्र नाहीच.

त्यात मोजायची जागाही वेगळी. सीआयपीच्या पद्धतीत पुंगळीला भोक पाडून मोजतात. सामीच्या पद्धतीत पुंगळी अखंड ठेवून तिच्या भिंतीतून मोजतात. नाटोच्या पद्धतीत पुंगळीच्या तोंडापाशी. जुने ब्रिटिश पुंगळीला तेल लावून तिच्या बुडापाशी मोजत आणि टनांत लिहीत. चार जागा, चार आकडे, काडतूस एकच.

इशापूरची रायफल आणि परदेशातला वाद

या गोंधळाचं एक उदाहरण थेट आपल्या देशाचं आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीने थ्री नॉट थ्रीच्याच घाटाची, पण जास्त मजबूत पोलादाची आणि ७.६२ नाटो काडतुसाची रायफल बनवली. टू-ए आणि मग टू-ए-वन. पुढे जुन्या झालेल्या यांतल्या बऱ्याच रायफली अमेरिकेत शौकिनांना विकल्या गेल्या.

तिथे वाद पेटला. ७.६२ नाटो आणि बाजारात मिळणारं .३०८ विंचेस्टर ही दोन्ही काडतुसं दिसायला जवळजवळ सारखी. अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकेत नाटो काडतुसाचा दाब ५०,००० पीएसआय. सामीच्या तक्त्यात .३०८ चा ६२,००० पीएसआय. म्हणजे १२,००० चा फरक! मग वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की बाजारातलं काडतूस फार जोरकस आहे.

पण लष्कराचा तो ५०,००० तांब्याचा होता. फक्त लेबल जुनं, पीएसआयचं. स्फटिकाने मोजलं तर नाटोची मर्यादा ४१५ मेगापास्कल, म्हणजे ६०,००० पीएसआयच्या थोडी वर. फरक उरतो तो जेमतेम दोन हजारांचा, आणि तोही मोजायच्या जागा वेगळ्या. याचा अर्थ जुन्या रायफलीत काहीही घाला असा नाही. पोलाद, झीज, चेंबरची मापं हे वेगळे प्रश्न आहेतच. पण बारा हजारांची जी दरी लोकांना दिसत होती, तिचा बराचसा भाग एका चुकीच्या लेबलात होता.

याची उलटी बाजू जास्त घातक. अमेरिकेत घरच्या घरी पुंगळ्या पुन्हा भरण्याचा छंद कायदेशीर आणि मोठा आहे. तिथला एखादा माणूस जुन्या पुस्तकात ५०,००० वाचतो, नव्या तक्त्यात ६०,००० ची मर्यादा बघतो आणि समजतो की अजून दहा हजारांची जागा शिल्लक आहे. ती जागा शिल्लक नसते. जुने लोक पुंगळीच्या बुडाची टोपी चपटी झाली का, बोल्ट अडकतो का, अशा खुणा बघतात. पण टोपीचा पत्रा किती मऊ, चेंबर किती सैल, यावर त्या खुणा बदलतात. खूण दिसेपर्यंत दाब मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असू शकतो. डोळ्याने ताप बघता येत नाही, थर्मामीटरच लागतो.

(आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे इथे हा छंद म्हणून करायचा विषयच नाही. पण कारखान्यात, पोलिसांत, सैन्यात तो रोजचा विषय आहे.)

आकडा पास, रायफल नापास

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. तांबं फक्त शिखर सांगतं. शिखराच्या आधी आणि नंतर काय झालं, ते सांगत नाही. याची किंमत व्हिएतनाममध्ये मोजली गेली.

१९६० च्या दशकात अमेरिकेने एम-१६ रायफल घेतली. काडतुसाची अट होती की गोळीचा वेग ३,२५० फूट प्रति सेकंद आणि चेंबरचा दाब ५२,००० च्या आत. मूळ दारूने दोन्ही अटी एकदम जमेनात. मग १९६४ मध्ये दुसरी, गोलसर दाण्यांची दारू मंजूर झाली. वेग बसला, शिखर दाबही बसला. कागद हिरवा.

पण या रायफलीचं यंत्र चालतं ते नळीच्या पुढच्या एका भोकातून आलेल्या वायूवर. नवी दारू तिथपर्यंत जास्त दाब टिकवायची. परिणामी रायफल ठरल्यापेक्षा वेगाने चालायला लागली, भाग तुटू लागले, पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. दारूतल्या एका घटकामुळे घाणही जास्त साचायची. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना सफाईचं सामान पुरेसं दिलेलं नव्हतं. अडकलेली रायफल गजाने ठोकून मोकळी करताना पोरं मेली. घरी आलेली पत्रं खासदारांपर्यंत पोचली. १९६७ मध्ये रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली आणि लष्करी व्यवस्थेवर अत्यंत कडक ताशेरे ओढले.

त्या चौकशीतली एक बाब वाचून अंगावर काटा येतो. नवी दारू वापरली की रायफलींचा वेग मर्यादेबाहेर जातो, हे दिसत असताना कारखान्याला रायफली पास करून घ्यायला जुन्या दारूची काडतुसं वापरायची मुभा दिली गेली. सैनिकांच्या हातात मात्र नव्या दारूची काडतुसं. म्हणजे मोजमाप झालं, शिक्के बसले, सह्या झाल्या. फक्त जे मोजलं ते एक, आणि जे लढाईत गेलं ते दुसरं.

आपल्याशी काय संबंध?

आहे की. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगाव आहे. पाषाणला शस्त्रसंशोधनाची प्रयोगशाळा आहे. हजारो मराठी घरांची चूल या कामावर पेटली आणि पेटते आहे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. खडकी, वरणगाव म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेले, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. कंपनी म्हटलं की नफा, वेळेत माल, निर्यातीचं उद्दिष्ट हे सगळं येतं. यायलाच हवं. खाजगी कंपन्याही या धंद्यात उतरत आहेत. पण काडतूस किंवा तोफगोळा "पास" झाला असं कुणी म्हणेल तेव्हा विचारायची सवय आपल्याला, आपल्या लोकप्रतिनिधींना, पत्रकारांना हवी. कशाने मोजलं? कुठे मोजलं? कुणी मोजलं, ज्याने बनवलं त्यानेच, की दुसऱ्या कुणी? आणि जे मोजलं तेच सैनिकाच्या हातात गेलं का?

जगभरच्या प्रयोगशाळा यावर एक साधा उपाय करतात. एकाच लॉटमधली ठरावीक काडतुसं संदर्भ म्हणून जपून ठेवतात. सगळे जण तीच उडवतात आणि आपलं यंत्र इतरांशी जुळतं का ते बघतात. मोजणाऱ्याचीही परीक्षा होते. कुणाच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची गरज पडत नाही, कारण पद्धतच तशी असते.

हे फक्त दारूगोळ्याचं नाही. आपल्याकडे पावसाळ्यात धरणाची टक्केवारी येते. एक बातमी एकूण साठ्याची, दुसरी उपयुक्त साठ्याची, आणि गावात दोन्हींवरून भांडण. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. तांबं आणि स्फटिक यांचं भांडण अगदी असंच होतं.

रॉबिन्सपासून आजवर दोनशे ऐंशी वर्षं झाली. एवढ्या काळात यंत्रं सुधारली, पण आकड्याबरोबर त्याची पद्धत लिहायची शिस्त यायला त्यांतली सव्वादोनशे गेली. कुणी नुसता आकडा तोंडावर फेकला तर तो चूकच आहे असं मानू नका. फक्त तो तांब्याचा की स्फटिकाचा, एवढं विचारा. उत्तर देणारा तिथे अडखळला तर बाकीचे प्रश्न विचारायला हरकत नाही.

तुमच्यापैकी कुणी खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडाऱ्याला काम केलं असेल तर प्रूफच्या कामाचे अनुभव, जेवढे सांगता येण्यासारखे असतील तेवढे, खाली जरूर लिहा. ही माहिती पुस्तकांपेक्षा माणसांकडे जास्त आहे.